शंभर परदेशी माणसं आणि पवनी रोडचा फलाट: मॉडेल रेल्वेतली स्वस्त माणसं पुन्हा कशी रंगवतात?

ऑनलाइन दुकानात 'मॉडेल रेल्वे पॅसेंजर' असं काहीतरी टाइप केलं की एक पाकीट हमखास समोर येतं. आत शंभर माणसं, प्रत्येक जेमतेम दोन सेंटिमीटर उंच. किंमत काही शे रुपये, म्हणजे एक माणूस साधारण एका कटिंग चहाच्या भावात. पाकीट घरी येतं, माणसं टेबलावर ओतली जातात आणि मग लक्षात येतं की या सगळ्यांनी कोट, पँट किंवा गुडघ्यापर्यंतचा स्कर्ट घातलाय. चेहरे गाजरासारखे नारिंगी. पुरुषांच्या हातात ब्रीफकेस. कुणाच्या खांद्यावर दुपट्टा नाही, कुणाच्या डोक्यावर बोचकं नाही आणि लुगड्यातली बाई तर एकही नाही.

ही माणसं जर्मनीतल्या एखाद्या स्टेशनवर खपून जातील. पण समजा, तुम्हाला करायचंय पवनी रोड स्टेशन. मग काय?

मग ब्रश उचलायचा. मॉडेल रेल्वेच्या छंदात स्वस्त माणसं विकत घेऊन ती पुन्हा रंगवणं हे जगभर चालतं. आपल्याकडे मात्र ते हौसेपेक्षा गरजेचं जास्त आहे. का, ते बघू. आणि कसं, तेही.

पवनी रोडच का?

भंडारा जिल्ह्यातलं पवनी हे वैनगंगेच्या काठचं जुनं गाव. जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली झालेल्या उत्खननात इथे मोठ्या बौद्ध स्तूपाचे अवशेष सापडले, तेव्हापासून पवनीचं नाव इतिहासाच्या पुस्तकांत पक्कं झालं. रेल्वे मात्र गावात आली नाही. ती आली 'पवनी रोड'ला. भारतीय रेल्वेत स्टेशनच्या नावापुढे 'रोड' दिसलं की बहुतेक वेळा समजायचं, गाव इथे नाही, इथून गावाकडे रस्ता जातो.

हे स्टेशन नागपूर-नागभीड नॅरोगेज लाइनवरचं. इतवारीहून निघालेली गाडी उमरेड, भिवापूर करत इथे यायची आणि पुढे नागभीडला जायची. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बंगाल नागपूर रेल्वेने ही लाइन टाकली. रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. शंभरेक किलोमीटरचा हा मार्ग ब्रॉडगेज करण्यासाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाला आणि छोटी गाडी थांबली ती कायमची.

गाडीच्या आठवणी बऱ्यापैकी सांभाळल्या गेल्या आहेत. नागपुरात मोतीबागला २००२ पासून नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे, तिथे इंजिनं आणि डबे बघता येतात. रेल्वेवेड्या लोकांनी शेवटच्या वर्षांत फोटोही भरपूर काढले. पण हे फोटो नीट बघा. इंजिनाचा नंबर स्पष्ट असतो, डब्याचा रंग स्पष्ट असतो आणि फलाटावरची माणसं कडेला कापली गेलेली असतात. कोण बसायचं या गाडीत, काय नेसून, हातात काय घेऊन, हे सांगणारं संग्रहालय नाही.

म्हणून या लाइनचं मॉडेल करताना माणसं चुकली तर बरंच काही चुकतं. इंजिनाच्या रंगाची छटा चुकली तर चार जाणकार हळहळतील. पवनी रोडच्या फलाटावर ब्रीफकेस घेतलेले पंधरा साहेब उभे केले तर भिवापूरच्या शाळकरी पोरालाही कळेल की हे आपलं स्टेशन नाही.

आधी मोजपट्टी, मग रंग

मॉडेल रेल्वेत सगळ्यात जास्त चालणारं माप म्हणजे एचओ. खरी वस्तू ८७ पट लहान करायची. साडेपाच फुटांचा, म्हणजे साधारण १६५ सेंटिमीटरचा माणूस या मापात १९ मिलिमीटरचा होतो. पाच फुटांची बाई साडेसतरा मिलिमीटरची.

इथे नॅरोगेजवाल्यांसाठी एक आनंदाची बातमी आहे. ७६२ मिलिमीटरला ८७ ने भागा, उत्तर येतं पावणेनऊ मिलिमीटर. एन नावाच्या त्याहून लहान मापाचे रूळ बाजारात तयार मिळतात आणि त्यांची रुंदी असते ९ मिलिमीटर. म्हणजे एन मापाच्या रुळावर एचओ मापाचे डबे ठेवले की आपली छोटी लाइन जवळजवळ अचूक उभी राहते. ब्रॉडगेजवाल्यांचं नशीब इतकं चांगलं नाही. त्यांना १९ मिलिमीटरच्या वर रुंदी लागते आणि एचओचे तयार रूळ असतात साडेसोळाचे.

पण याच गमतीमुळे नवखे लोक फसतात. रूळ एन मापाचे घेतले म्हणून माणसंही एन मापाची मागवतात. एन म्हणजे १६० पट लहान, तो माणूस जेमतेम एक सेंटिमीटरचा. डब्याशेजारी उभा केला तर त्याचं डोकं दाराच्या कडीपर्यंतही पोहोचत नाही. रूळ कुठल्याही मापाचे असोत, माणूस डब्याच्या मापाचा हवा.

पाकिटावर १:८७ लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका. ही स्वस्त माणसं अनेकदा मुळात इमारतींच्या मॉडेलसाठी बनवलेली असतात आणि त्यात १:७५ पासून १:१०० पर्यंत काहीही निघतं. १:७५ चा माणूस २२ मिलिमीटरचा, म्हणजे आपल्या फलाटावर सव्वासहा फुटी पहिलवान. १:१०० चा साडेसोळा मिलिमीटरचा. त्यामुळे पाकीट फोडल्यावर पहिलं काम म्हणजे शाळेची पट्टी घेऊन प्रतवारी. १७ ते २० मिलिमीटरची माणसं पुढे, फलाटावर. लहान निघाली ती मागच्या रस्त्यावर किंवा डब्याच्या आत खिडकीशी. मोठी निघाली तर पाय कापून त्यांना बाकावर बसवता येतं. शंभरातली साठ-सत्तर कामाची निघाली तरी पैसे वसूल.

मग महागडी का घेऊ नयेत? जर्मनीतली प्रायझर ही कंपनी १९४९ पासून अशी माणसं बनवते आणि त्यांचं काम बघण्यासारखं असतं. पण रंगवलेल्या सहा माणसांच्या संचाला हजाराच्या वर रुपये मोजावे लागतात आणि ती माणसंही असतात युरोपातलीच. बदलायचीच आहेत तर स्वस्तातली बदलावीत. थ्रीडी प्रिंटिंगने धोतर-लुगड्यातली माणसं छापून घेता येतात, तो मार्ग आता खुला झालाय. तरी तीही रंगवावी लागतातच.

कोणत्या वर्षाचा फलाट?

रंगाच्या बाटलीला हात लावण्याआधी हे ठरवा. सगळी मेहनत यावर अवलंबून आहे.

२०१९ चा फलाट करायचा तर काम निम्मं झालेलंच असतं. पँट-शर्ट आता सगळीकडे सारखाच. कारखान्यातून आलेल्या कोटवाल्याचा कोट फिकट आकाशी रंगवला की झाला शर्ट. पाठीवर सॅक असलेला पोरगा कॉलेजचा विद्यार्थी म्हणून जसाच्या तसा चालतो. ब्रीफकेस कापून टाकायची आणि तिथे पुट्टीचा गोळा लावून नायलॉनची पिशवी करायची. स्कार्फने सगळं तोंड बांधलेल्या मुली तर विदर्भाच्या उन्हाने या छंदाला दिलेली भेटच आहे. चेहरा रंगवायचं कामच उरत नाही.

१९५६ चा फलाट मात्र वेगळाच. त्या वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यासाठी गावोगावचे लोक मिळेल त्या वाहनाने आणि पायी नागपूरला गेले, पांढरी वस्त्रं घालून. पवनीच्या टेकड्यांमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीचा स्तूप होता हे तेव्हा उत्खननाने बाहेर यायचं होतं. या लाइनवरचं एखादं छोटं स्टेशन, वाफेचं इंजिन आणि फलाटभर पांढरी लुगडी, पांढरी धोतरं. मॉडेल म्हणून यापेक्षा मोठा विषय मला तरी सुचत नाही. आणि रंगवायला यापेक्षा अवघड विषयही नाही, कारण सगळ्यात अवघड रंग पांढरा. त्याकडे पुढे येतोच.

वर्ष ठरलं की त्याप्रमाणे सामानही ठरतं. १९५६ ला पत्र्याची ट्रंक, बोचकं, कंदील. २०१९ ला धान्याची नायलॉनची चुंगडी, पाण्याची बाटली, कानाला मोबाइल. दोन्ही काळांत चालेल अशी गोष्ट म्हणजे लाल मिरचीचं पोतं. भिवापूरची मिरची भौगोलिक मानांकन मिळवलेली, आणि भिवापूर या लाइनवरचंच स्टेशन. तपकिरी पोत्याच्या तोंडाशी लाल रंगाचे चार ठिपके दिले की लांबूनही कळतं.

लाल डगल्यातले हमाल मात्र घालू नका. भारतीय स्टेशनचं मॉडेल म्हटलं की पहिल्यांदा तेच सुचतात, पण ते मोठ्या जंक्शनवरचे. रोड नावाच्या स्टेशनवर ज्याचं पोतं त्याच्याच डोक्यावर.

धुणं, घासणं, चिकटवणं

आता हाताने काम. प्लास्टिकची वस्तू साच्यातून सहज सुटावी म्हणून साच्याला तेलकट द्रव लावतात आणि त्याचा अंश माणसांच्या अंगावर राहतो. त्यावर रंग धरत नाही, नखाने खरवडला तर पापुद्रा निघतो. म्हणून माणसं कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून जुन्या टूथब्रशने घासायची आणि चहाच्या गाळणीत वाळवायची. गाळणी नसेल तर दोन-चार प्रवासी मोरीतून वाहून जातील.

साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे अंगावरून एक बारीक उभी रेघ आलेली असते. धारदार ब्लेड आडवं धरून ती हलकेच खरवडायची, कापायची नाही. मग माणसाला आइस्क्रीमच्या काडीवर दुहेरी टेपने उभं करायचं. एका काडीवर पाच-सहा माणसं बसतात. माणूस बोटात धरून रंगवायला गेलात तर घामाने रंगही जाईल आणि धीरही.

पँटमधून लुगडं

नुसता रंग बदलून लुगडं होत नाही, आकारही बदलावा लागतो. आणि इथे बहुतेकांचा पहिला अंदाज उलटा निघतो. लुगड्यासाठी आपण स्कर्टवाली बाई निवडतो. पण नऊवारी लुगड्याला कासोटा असतो, पाय वेगळे दिसतात, पोटरी दिसते. त्यामुळे लुगड्यासाठी चांगली ती पँटवाली बाई. पँटवर दोन्ही बाजूंनी पुट्टी चढवून ती फुगीर करायची, मागे कासोट्याची उभी घडी काढायची, गुडघ्याखाली पँट तशीच सोडून तिला नंतर कातडीचा रंग द्यायचा. सहावारी साडीसाठी मात्र लांब कोटवाली बाई घ्यायची आणि कोट घोट्यापर्यंत वाढवायचा. धोतरासाठी पँटवाला पुरुष, पुट्टी थोडी कमी.

पुट्टी म्हणजे नळदुरुस्तीसाठी वापरतात ते एम-सील. दोन भाग समान घेऊन एकजीव मळायचे, हातात मोजे घालूनच. अर्धा तास ते लवचिक राहतं. एका माणसाला तांदळाच्या कणीएवढं पुरतं. ओल्या सुईने ते पसरवायचं आणि सुईच्याच अंगाने घड्या पाडायच्या. सुई कोरडी असली तर पुट्टी तिलाच चिकटून वर येते.

पदरासाठी पुट्टी जाड पडते. त्यासाठी टिश्यू पेपरचा पदर सोलून एकच थर घ्यायचा, पाच मिलिमीटर रुंद पट्टी कापायची, फेव्हिकॉलमध्ये तेवढंच पाणी घालून त्यात ती बुडवायची आणि चिमट्याने खांद्यावरून सोडायची. ओली असताना ती आपोआप घड्या घेते. डोक्यावरून पदर घ्यायचा असेल तर आणखी सोपं, कारखान्यातली परदेशी केशरचना झाकली जाते. नाही तर मोहरीच्या निम्म्या आकाराचा पुट्टीचा गोळा मानेच्या वर लावला की अंबाडा.

एका माणसावर असं काम करायला वेळ लागतो. फलाटावरच्या सगळ्यांवर ते करायची गरज नाही. पुढच्या रांगेतल्या आठ-दहा जणांवर करा, मागचे नुसत्या रंगावर निभावतात.

डोळे काढू नका

रंगाच्या सगळ्या नियमांच्या मुळाशी एकच हिशेब आहे. मॉडेलकडे आपण साधारण एक फुटावरून, म्हणजे ३० सेंटिमीटरवरून बघतो. त्याला ८७ ने गुणा. उत्तर येतं २६ मीटर. म्हणजे हा माणूस तुमच्यापासून २६ मीटर लांब उभा आहे, क्रिकेटच्या खेळपट्टीच्या लांबीपेक्षाही पुढे. इतक्या लांबून माणसाच्या डोळ्यांतलं पांढरं दिसतं का? नाही. भुवयांखाली एक गडद सावली तेवढी दिसते. म्हणून डोळे काढायचे नाहीत. काढले तर माणूस भूत बघितल्यासारखा दिसतो. इन्स्टाग्रामवर केसाच्या टोकाने डोळे रंगवणाऱ्यांचे व्हिडिओ फिरतात, पण ते बहुतेक मोठ्या मापाच्या मूर्तींचे असतात.

तोच हिशेब रंगांना. लांबची वस्तू फिकट दिसते, तिचे रंग थोडे धुरकटतात. बाटलीतला लाल थेट लावला तर फलाटावर सिग्नल पेटल्यासारखा दिसेल. प्रत्येक रंगात किंचित पिवळसर राखाडी मिसळायचा. शिवाय पवनीच्या उन्हात चार वर्षं धुतलेलं लुगडं दुकानातल्यासारखं गडद राहतच नाही.

रंग कोणते घ्यायचे? कोपऱ्यावरच्या स्टेशनरीत मिळणारे कॅमल किंवा फेव्हिक्रिलचे अ‍ॅक्रिलिक रंग पुरतात. पाण्यात मिसळतात आणि लवकर वाळतात. फक्त ते बाटलीत दाट असतात. आता पुन्हा ८७ ने गुणा. रंगाचा थर ०.१ मिलिमीटर जाड झाला तर खऱ्या मापात तो पावणेनऊ मिलिमीटरचा होतो. म्हणजे तुमच्या प्रवाशाने भर मे महिन्यात गोधडी पांघरली. म्हणून रंग दुधाइतका पातळ करायचा आणि एका जाड हाताऐवजी दोन-तीन पातळ हात द्यायचे. त्याआधी राखाडी प्रायमरचा हलका फवारा, उघड्यावर आणि तोंडाला मास्क लावून. प्रायमर दिला नाही तर पातळ रंग प्लास्टिकवरून पाण्यासारखा ओघळतो.

नागपूर-भंडाऱ्याकडच्या उन्हाळ्यात आणखी एक अडचण येते, ब्रश माणसापर्यंत पोहोचेपर्यंत रंग वाळतो. त्यावर उपाय डब्याच्या झाकणात. ओला स्पंज ठेवायचा, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग. तासभर ओला राहतो.

ब्रशवर मात्र कंजुषी नको. माणसं स्वस्त, रंग स्वस्त, ब्रश चांगला. फार बारीक नंबरचाही नको, कारण त्यात रंगच मावत नाही. टोक नीट जुळणारा शून्य नंबरचा एक ब्रश नव्वद टक्के काम करतो. टोक जुळवायला ब्रश ओठांत धरायची सवय लागते, ती लावून घेऊ नका. जुन्या डब्यातले एनॅमल रंग वापरत असाल तर नक्कीच नाही. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे २०१७ च्या अखेरीस लागू झाला. त्याआधीच्या डब्यात काय आहे, कोण सांगणार.

कातडी, काठ आणि पांढरा

आतून बाहेर या क्रमाने रंगवायचं. आधी कातडी, मग कपडे, मग केस, शेवटी सामान.

कातडीसाठी बर्न्ट सिएना, यलो ऑकर आणि पांढरा. सावळ्या छटेसाठी त्यात बर्न्ट अंबर. झाकणात किमान चार वेगवेगळी मिश्रणं करा आणि काडीवरच्या माणसांना आलटून पालटून लावा. कारखान्याने सगळ्यांना एकच नारिंगी दिला म्हणून आपण सगळ्यांना एकच तपकिरी दिला तर काही सुधारलं नाही. फलाटावरची माणसं कधी एका छटेची नसतात. उन्हात काम करणाऱ्याचे हात त्याच्या पोटापेक्षा गडद असतात, बंडीवाल्या म्हाताऱ्याला हा फरक द्यायला विसरू नका.

काठ हा पवनीच्या बाबतीत महत्त्वाचा. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरमध्ये पवनीची ओळखच रेशमी काठाच्या कापडाची दिली आहे. पाच सेंटिमीटरचा काठ ८७ पट लहान केला की अर्ध्या मिलिमीटरच्या थोडा वर जातो. एवढी बारीक रेघ हाताने सरळ ओढणं अवघड. मग उलटं करायचं. आधी पदराला आणि खालच्या बाजूला काठाच्या रंगाचा रुंद पट्टा द्यायचा, वाळू द्यायचा आणि नंतर लुगड्याचा मुख्य रंग त्या पट्ट्यावर चढवत कडेपर्यंत आणायचा. कडेला जेवढं उरेल तेवढा काठ. रेघ ओढण्यापेक्षा रेघ शिल्लक ठेवणं हाताला सोपं जातं. हिरव्या लुगड्याला लाल काठ, जांभळ्याला पिवळा. सोनेरी मेटॅलिक रंग टाळा, त्याचे कण या मापात वाळूसारखे मोठे दिसतात.

आणि आता पांढरा. पांढरा रंग थेट पांढरा लावला की धोतर प्लास्टरचं दिसतं. घड्या नाहीशा होतात, माणूस सपाट होतो. पांढरं कापड आपल्याला पांढरं दिसतं ते त्याच्या सावल्यांमुळे. म्हणून सुरुवात करायची फिकट करड्या-तपकिरी रंगाने, ओल्या मातीत थोडं दूध मिसळल्यासारख्या. त्यावर घड्यांचे उंचवटे तेवढे हस्तिदंती रंगाने. शुद्ध पांढरा फक्त खांदा, टोपीची कड आणि गुडघा, जिथे ऊन थेट पडतं तिथे, आणि तोही टिकलीएवढा. १९५६ चा फलाट करणाऱ्यांना हे पन्नास-साठ माणसांवर करावं लागेल. त्यात काहींच्या सावल्या निळसर ठेवा, काहींच्या पिवळसर. कुणाचं लुगडं निळीत बुडवलेलं असणार, कुणाचं नुसतंच धुतलेलं. सगळ्यांनी पांढरं नेसलंय, पण प्रत्येकीचं लुगडं तिच्या घरून आलंय, हे एवढ्याशा फरकाने दिसायला लागतं.

शेवटचा हात मातकट पाण्याचा. बर्न्ट अंबर भरपूर पाण्यात पातळ करायचा, त्यात साबणाचा अगदी छोटा थेंब, आणि तो माणसावरून सोडायचा. साबणामुळे पाणी थेंब धरत नाही, थेट घड्यांत उतरतं. भुवयांखाली, हनुवटीखाली, कासोट्यात, बोटांमध्ये सावली आपोआप बसते. पांढऱ्या कपड्यांवर हे पाणी आणखी पातळ करून वापरा. वाळलं की मॅट वार्निश. चमक राहिली तर बाकी सगळं बरोबर असूनही माणूस प्लास्टिकचा दिसतो.

ज्यांना हे सगळं फार परकं वाटतं, त्यांनी आपल्याच घरात बघावं. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे आपणच पुन्हा रंगवायचो की. आणि पूर्व विदर्भात तर तान्ह्या पोळ्याला कित्येक घरांत तोच लाकडी नंदी दरवर्षी नव्या रंगात निघतो. हात तोच आहे, फक्त माप लहान झालंय.

उभं कुठे करायचं?

हॅम्बुर्गच्या मिनिएचर वंडरलँडमध्ये एचओ मापाची अडीच लाखांहून जास्त माणसं आहेत. आपल्याकडे पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांना बघायला मिळतं, तिथेही गाड्यांभोवती अख्खं शहर आहे, अगदी सर्कशीपर्यंत. अशा ठिकाणी गेलात तर गाडीऐवजी थोडा वेळ माणसांकडे बघा, ती घोळक्याने उभी असतात आणि घोळक्यांच्या मध्ये मोकळी जागा असते.

पवनी रोडसारख्या स्टेशनला तीस माणसं खूप झाली. ती फलाटभर सारख्या अंतरावर पेरू नका. लोक सावलीत उभे राहतात. झाडाखाली बारा, तिकीट खिडकीशी पाच, नळाशी तीन आणि बाकीचा फलाट रिकामा. एकाच साच्यातले दोघं शेजारी आले तर एकाची मान ब्लेडने कापून जरा वळवून चिकटवा, जुळे लगेच वेगळे होतात. तळपायात बारीक तांब्याची तार खोचून फलाटाला तेवढंच भोक पाडलं तर माणूस सरळ उभा राहतो आणि डिंकाचा डागही दिसत नाही.

मग मोबाइल फलाटाच्या उंचीवर आडवा ठेवून फोटो काढा. डोळ्यांनी सुटलेलं कॅमेरा पकडतो: ब्लेड न लागलेली साच्याची रेघ, कानामागे राहिलेला नारिंगी, कासोट्यात न पोहोचलेला रंग. पांढरे कपडे फोटोत फुटत असतील तर स्क्रीनवर बोट ठेवून उजेड कमी करा, तरीही फुटले तर त्या माणसाला मातकट पाण्याचा आणखी एक हात लागेल. आणि ज्याचा चेहरा चमकतोय, तो काडीवर परत.